तूबा आबजीचा परवाना

रानबोकडाच्या शिकारीचा परवाना म्हणजे आमच्या भागात उंबराचं फूल. साऱ्या यझ्द प्रांतातून अर्ज जातात, सोडत निघते आणि मोजक्याच लोकांचं नशीब उघडतं. माझे मेहुणे फरामर्ज खान दर वर्षी अर्ज करायचे. सोडतीच्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते शहरातल्या कचेरीत जायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचे. बसमधून उतरतानाची त्यांची चाल बघितली की आमच्या गुदारसंग गावच्या लोकांना निकाल कळायचा. कुणी विचारायला जात नसे.

त्या वर्षी मात्र चालीवरून काही उमगेना. मी माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. ते थेट आत आले, उलट्या पिंपावर बसले आणि म्हणाले, "जलील, लागला."

मी मिठी मारायला उठलो, तर त्यांनी हात आडवा धरला.

"माझा नाही. तुझ्या बहिणीचा."

त्याचं असं होतं. एका अर्जापेक्षा दोन अर्ज बरे, या हिशोबानं खानांनी काही वर्षांपूर्वी बायकोच्या नावानंही शिकारीचं ओळखपत्र काढून घेतलं होतं. तूबा माझी थोरली बहीण. आम्ही तिला आबजी म्हणतो, आता सगळं गावच म्हणतं. त्या ओळखपत्रासाठी तिला एकदा नेमबाजीची परीक्षा द्यावी लागली होती. ती तिनं डोळे मिटून दिली, आणि परीक्षक तिनंच लहानपणी लस टोचलेला निघाला म्हणून ती पास झाली, असं गाव म्हणतं. तेव्हापासून दर वर्षी तिचा अर्ज खान स्वतःच भरायचे. तिला त्याची आठवणही नसायची.

खानांनी कचेरीत पुष्कळ विनवण्या केल्या. बायकोचं ते नवऱ्याचं, असं म्हणून बघितलं. टेबलामागच्या माणसानं चहा पाजला, तब्येत विचारली, आणि ज्याच्या नावाचा परवाना त्याच्याच हातानं गोळी सुटली पाहिजे, हा नियम अतिशय नम्रपणे तीन-चार वेळा सांगितला.

फरामर्ज खानांचं सगळं आयुष्य शिशाच्या खाणीत सुरुंग लावण्यात गेलं. त्यात डावा कान बहिरा झाला आणि उजवाही मनात असेल तेव्हाच ऐकू लागला. खाणीतून सुट्टी मिळाली की ते डोंगरात जायचे. पंजअंगुश्त हा आमचा डोंगर, पाच बोटं वर केल्यासारखा. एका बाजूला आमचं गाव, डाळिंबाच्या बागा, आणि दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथपर्यंत मिठाचं वाळवंट. पूर्वी परवाने सहज मिळत तेव्हा त्यांनी तिथं शिकारी केल्या होत्या. नंतर बोकड कमी झाले, नियम आले, आणि खानांच्या वाट्याला नुसती दुर्बीण उरली. तरी ते जायचेच. प्रत्येक शरदात आठवडाभर तरी आबजी घरात एकटी असायची.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. आबजी तांदूळ निवडत होती. खानांनी बातमी अशी सांगितली जशी कुणी गेल्याची सांगावी. मी म्हणालो, जाऊ द्या, परवाना परत करू, पुढल्या वर्षी बघू.  खानांनी पुढली वर्षं मनात मोजली असावीत.

आबजीनं ताटातला खडा बाहेर टाकला. "परत कशाला? मी जाते की."

"कुठं?" खान म्हणाले.

"डोंगरावर. तुम्ही दोघं चला बरोबर."

खानांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मी त्यांच्या उजव्या कानात पुन्हा सांगितलं. ते हसले, मग हसायचं थांबले, कारण ती हसत नव्हती.

"आगा," ती नवऱ्याला म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही मला सोडून तिथं जाताय. एकदा बघू तरी द्या काय आहे तिथं. दुसरी बाई असती तर मी केव्हाच जाऊन बघून आले असते."

इथं माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं. ती गावच्या आरोग्यघरात तीस वर्षं होती. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतलं असं एक पोर नाही ज्याला तिनं सुई टोचली नाही. मोठमोठी मिशाळ माणसं तिला बघून अजून दंड चोळतात. तिनं एकदा मनात घेतलं की खुद्द गव्हर्नर आला तरी तिच्यापुढं त्याचं काही चालायचं नाही. त्यामुळं ती जाणार हे त्या क्षणी ठरलं. आता फक्त बेत आखायचा उरला होता, आणि बेत आखणं म्हणजे फरामर्ज खानांचा जीव की प्राण.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. गालिच्यावर खानांनी अख्खा पंजअंगुश्त उभा केला. लोड आणि तक्के म्हणजे कडे, घडी घातलेली रजई म्हणजे पठार, सुरकुत्या म्हणजे घळी, आणि दोन लोडांच्या मधली फट म्हणजे खिंड. मिठाच्या वाळवंटाला त्यांनी आबजीचा चांगला पांढरा मेजपोस अंथरला. पिस्त्याची टरफलं बोकड झाली. आम्ही तिघं साखरेचे खडे होतो.

वाऱ्याचा त्यांना फार विचार. सकाळी ऊन चढेपर्यंत वारा घळीतून खाली येतो, मग उलटतो. म्हणून ऊन चढायच्या आत आपण बोकडांच्या खालच्या अंगाला असलं पाहिजे. हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा आझर महिना म्हणजे बोकडांचा माजाचा काळ. एरवी एकटे राहणारे जुने नर तेव्हा माद्यांच्या मागं खाली उतरतात आणि थोडे बेसावध होतात. "माणसासारखेच," खान म्हणाले. परवान्यात फक्त म्हातारा नर चालणार होता. शिंगांवरच्या गाठी मोजून ते वनरक्षक ठरवणार. पाणी कुठं, आडोसा कुठं, कुठल्या वाटेवर दगड सुटे आहेत, सगळं त्यांना तोंडपाठ. मी मान डोलवत होतो. मला एवढंच कळत होतं की गाढव लागेल, आणि गाढवाची व्यवस्था माझ्याकडे येणार.

आबजी चहा घेऊन आली. उभ्यानंच डोंगर न्याहाळत तिनं विचारलं, "आणि संडास?"

खानांनी वर बघितलं. इतक्या वर्षांच्या शिकारीत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी एका तक्क्यामागं बोट दाखवलं. ती म्हणाली, तिथं तर तुम्ही आत्ताच बोकड ठेवलेत. खानांनी विचार केला आणि बोकड हलवले.

तिथून पुढं ती रोज संध्याकाळी मांडीवर शिवण घेऊन तिथं बसायला लागली. एका दिवसात चढून जायचा बेत तिनं दोन दिवसांचा करून टाकला. सुक्या खजुरांच्या जोडीला उकडलेली अंडी, ताक आटवून वाळवलेल्या वड्या, डाळिंबाचा रस आणि जाड पाव आला. खानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आल्या, माझ्या पोटाच्या आल्या. खान कुरकुरले की आपण शिकारीला निघालोय की लग्नाला. पण मी बघत होतो, तिनं एखादी वाट विचारली की त्यांचा चेहरा उजळायचा. एकच घळ ते तिला तीन तऱ्हांनी समजावून सांगायचे. डोंगराबद्दल घरात कुणी असं विचारतंय, ही चैन त्यांनी कधी भोगलीच नव्हती.

गोळी चालवायला शिकवणं मात्र वेगळं प्रकरण होतं. माझ्या दुकानामागच्या कोरड्या ओढ्यात आम्ही तेलाचे रिकामे डबे मांडले. खानांची जुनी चेक बनावटीची बंदूक आबजीनं हातात घेतली आणि म्हणाली की ती तिच्या सासूपेक्षा जड आहे. पहिल्या गोळीनं तिचा खांदा काळानिळा झाला आणि डबा जागच्या जागी राहिला. मला वाटलं, आता खान चिडणार. माझा त्यांच्या हाताखाली खाणीत एक उन्हाळा गेला होता. त्यांचं ओरडणं सुरुंगाच्या वर ऐकू यायचं. पण त्यांनी नुसता आपला कोट घडी करून तिच्या खांद्याखाली ठेवला आणि तिच्यामागं गुडघे टेकून बसले. श्वास अर्धा सोड, म्हणाले, मग बोटाला विसर.

आठवडाभरानं डबे पडायला लागले. तेव्हा ती बंदूक खाली ठेवून मला म्हणाली, "जलील, हा माणूस मला गाडी शिकवताना असा वागला असता तर मी आज शिराझपर्यंत गाडी चालवत गेले असते." हे त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. ते दुसरीकडे बघून डबे मांडत होते.

त्याच आठवड्यात ती एकटी माझ्या दुकानात आली. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, बेत बदलायचा आहे, पण त्यांना न कळता.

खानांचा उजवा गुडघा गेला होता. तिनं आयुष्यभर लोकांचे गुडघे बघितलेले. नवरा जिना उतरताना कुठला पाय आधी टाकतो, गालिच्यावरून उठताना कशाला धरतो, हे तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. खिंडीच्या वर ते जाऊ शकणार नाहीत, ती म्हणाली, आणि गेलेच तर उतरू शकणार नाहीत.

"मग सांग त्यांना तसं," मी म्हणालो.

"सांगितलं तर येणारच नाहीत. आणि हिवाळाभर माझ्यासमोर बसून भिंतीकडे बघतील. तू ऐक."

खिंडीच्या खाली धनगरांचा एक जुना दगडी मेंढवाडा आहे. गालिच्यावर तो एका काडेपेटीनं दाखवलेला होता. तिथून डोंगराची सगळी पुढची बाजू दिसते. दोन दिवसांनी संध्याकाळी शिवणीतून मान वर न काढता आबजीनं विचारलं, की आपण वर घळीत असताना बोकड कुठं सरकले हे कळणार कसं, फोन तर तिथं लागत नाही. खान खुशीत आले. पूर्वी खाली एक जाणता माणूस दुर्बीण घेऊन बसवत, म्हणाले, तो पांढऱ्या फडक्यानं खुणा करायचा. त्याच्यावरच सगळी शिकार असायची.

"मग ते काम कोण करेल?" ती म्हणाली. "जलीलला तर बोकड आणि दगड यातला फरक कळत नाही."

मी मान खाली घातली. खानांनी गालिच्याकडे बघितलं. मग खिंडीतला एक साखरेचा खडा त्यांनी उचलला, बोटांत फिरवला आणि काडेपेटीशेजारी ठेवला.

"बघू," ते म्हणाले. "तिथं गेल्यावर बघू."

त्या दिवसापासून त्यांनी आम्हाला खुणा शिकवल्या. फडकं उजवीकडे म्हणजे उजवीकडे. दोन्ही हात वर म्हणजे जागच्या जागी थांबा. फडकं जमिनीवर आपटलं म्हणजे मूर्खांनो, बोकड पळाले. अंगणात ते फडकं हलवायचे आणि छपरावरून आम्ही उत्तर द्यायचो. शेजारीपाजारी चहा घेऊन बघायला जमायचे. त्यांची मुलगी महताब शिराझहून फोन करून विचारायची की अब्बांचं ठीक आहे, पण अम्मा, तुला काय झालंय. आबजी तिला म्हणायची, फोन ठेव, मला पाठ करायचंय.

निघालो तेव्हा माझी निळी पिकअप इतकी भरली होती की धनगराकडून मागून आणलेलं गाढव सामानाकडे तोंड करून उभं होतं, शेपूट बाहेर. वनरक्षकाच्या चौकीवर बेहनाम नावाचा तरणाबांड रक्षक आमच्याबरोबर यायला तयार होता. त्यानं परवान्यावरचं नाव वाचलं, आबजीकडे बघितलं आणि नकळत त्याचा हात दंडाकडे गेला.

"ओळखलंस वाटतं," ती म्हणाली. "तू चावला होतास मला."

दुपारपर्यंत आम्ही मेंढवाड्याला पोचलो. खान अर्धी वाट गाढवावर बसले, अर्धी चालले, आणि चालताना मुद्दाम पुढं राहिले, म्हणजे चेहरा आम्हाला दिसू नये. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली, मांसाचा रस्सा आणि चणे शिजवले, दगडाचा आडोसा करून आबजीसाठी झोपायची जागा केली. घरात त्यांनी कधी पेला विसळलेला मी बघितला नव्हता. इथं ते यजमान होते. तीही पाहुणीसारखी बसून राहिली आणि प्रत्येक पदार्थाला नावाजत गेली.

सकाळी थंडी हाडात शिरत होती. सगळ्यांनी बूट बांधले. खानांनीही बांधले. मग ते उभे राहिले आणि वरच्या चढाकडे बघत राहिले.  बेहनामला काहीच माहीत नव्हतं. तो आमच्या तोंडांकडे बघत होता.

खानांनी खांद्यावरची बंदूक काढून आबजीच्या हातात दिली.

"तूबा," ते म्हणाले, "मला इथं बसवायचं कुणी ठरवलं ते मला ठाऊक आहे. साखर मी हलवली, पण हात तुझा होता."

ती म्हणाली, "मग?"

"मग काय. काम चांगलं आहे. करतो."

त्यांनी तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. साधं एक बटण, पण त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. मग दुर्बीण घेऊन एका दगडावर जाऊन बसले आणि आमच्याकडे पाठ केली.

चढ मी कधी विसरणार नाही. बेहनाम पुढं, आबजी मध्ये, मी मागं. ती हळू चालत होती, पण थांबत नव्हती. थांबत होतो मी. खिंडीच्या वर आल्यावर आम्ही खाली बघितलं. मेंढवाडा मुठीएवढा दिसत होता आणि त्याच्यापुढं पांढरं फडकं हलत होतं. उजवीकडे.

बेहनाम म्हणाला, हे बरोबर नाही. काल त्यानं स्वतः डावीकडच्या घळीत माद्यांचा कळप बघितला होता, आणि या दिवसांत जिथं माद्या तिथं नर. उजवीकडे नुसते कडे आहेत. म्हाताऱ्या माणसाला उन्हामुळं भास झाला असेल. तो बोलत असताना खाली फडकं पुन्हा उजवीकडे गेलं, आणि या वेळी इतक्या जोरात, की मला खाणीतलं त्यांचं ओरडणं ऐकू आल्यासारखं झालं.

आबजीनं दोघांकडे बघितलं, एकदा खालच्याकडे आणि एकदा समोरच्याकडे.

"पोरा," ती बेहनामला म्हणाली, "हा माणूस माझ्याशी इतर बाबतीत खोटं बोलला असेल. डोंगराच्या बाबतीत कधी बोलला नाही."

आम्ही उजवीकडे गेलो. कड्याच्या कमरेवरून एक अरुंद पट्टी जात होती; तिच्यावरून हातापायांवर गेलो. वळणापलीकडे एक खोलगट जागा होती, खालून दिसेल पण बाजूनं दिसणार नाही अशी. तिथं उन्हात तीन नर उभे होते. बेहनामनं दुर्बीण लावली, मग मान हलवून मला खूण केली की खानांचं बरोबर होतं. सगळ्यांत मोठ्या नराची शिंगं मागं पार पाठीपर्यंत वळलेली होती. गाठी मोजून बेहनाम कुजबुजला, चालेल.

आबजी पालथी झाली. मी माझा कोट घडी करून तिच्या खांद्याखाली सरकवला. पण त्या मोठ्या नराच्या मागंच एक तरुण नर उभा होता. गोळी आरपार गेली असती तर त्याला लागली असती. ती थांबली. बेहनाम चुळबुळायला लागला, वारा आता फिरेल म्हणाला. ती थांबलेलीच. तरुण नर दोन पावलं चरत पुढं गेला. तिनं अर्धा श्वास सोडला. मग आवाज झाला आणि सगळा डोंगर तो आवाज एकमेकांकडे फेकत राहिला.

बोकड जागेवर बसल्यासारखा खाली गेला. बेहनाम सुरी घेऊन धावला, त्यानं त्याचं तोंड किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला केलं, अल्लाचं नाव घेतलं. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आबजी त्याच्याजवळ बसली. शिंगांवरून हात फिरवला.  ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "गरम आहे अजून." मग उठून कडेला गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. बेहनाम आणि मी कामाला लागलो. कातडं सोडवायचं, मांसाचे भाग करायचे, हे काम मोठं असतं.

थोड्या वेळानं तिनं हाक मारली. "जलील, ती निळी टाकी आपली का?"

मी जाऊन उभा राहिलो. ती जिथं उभी होती तिथून दोन कड्यांच्या मधून आमचं गाव दिसत होतं. पाण्याची टाकी, बागा, आरोग्यघराचं पांढरं छप्पर, आणि त्याच्या शेजारी तिचं घर, आगपेटीएवढं. आम्ही इतक्या लांब आलोत असं वाटत होतं, आणि घर समोर होतं.

"इथून दिसतं," ती म्हणाली. "त्यांना दिसत होतं."

मग पुष्कळ वेळ ती तिथून हलली नाही.

त्या खोलगट जागेतून खाली खूण करायची आमच्यापैकी कुणालाच आठवण झाली नाही. ओझी पाठीवर घेऊन आम्ही परत खिंडीत आलो, तेव्हा मेंढवाड्यापाशी फडकं नव्हतं आणि माणूसही नव्हता. आबजीचा चेहरा मी बघितला आणि तिच्यामागं पळायला लागलो.

खिंडीच्या थोडं खाली फरामर्ज खान एका दगडाला टेकून बसले होते. उजवा पाय लांब पसरलेला, गुडघ्याभोवती पांढरं फडकं करकचून बांधलेलं, शेजारी चहाचा थर्मास. चेहरा चुन्यासारखा. त्यांनी आधी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्या पाठीवरच्या ओझ्याकडे, आणि वरच्या शिंगांकडे. पण शिंगांकडे त्यांनी नीट बघितलंच नाही.

आबजी गुडघे टेकून बसली, फडकं सोडलं, सुजलेल्या जागेवर बोटं फिरवली. तिला राग आला की ती गप्प होते.

"गोळीचा आवाज आला," खान म्हणाले. "मग ऊन समोर आलं, दुर्बिणीत काहीच दिसेना. मी वाट बघितली. मग मनात यायला लागलं, पाय घसरला असेल, काय काय. नुसतं बसून किती वेळ राहायचं माणसानं?"

"मी बसायचे," ती म्हणाली.

 बेहनाम थोडा लांब गेला, शहाणा मुलगा. मीही बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या.

"हो," खान शेवटी म्हणाले. "खरं आहे."

ती गुडघा पुन्हा बांधू लागली. बांधता बांधता तिनं विचारलं, वरून घर दिसतं हे कधी का सांगितलं नाहीत. खान म्हणाले, त्यात सांगायचं काय, दिसतं ते दिसतं. मग थोडं थांबून म्हणाले, "दुपारी तू आरोग्यघराच्या चादरी वाळत घालायचीस. चादरी दिसल्या की मी माझी शिदोरी सोडायचो. एकट्यानं जेवायला नको वाटायचं."

आबजीनं फडक्याची गाठ मारली. तिनं थर्मासचं झाकण उघडलं, पहिला चहा त्यांना दिला आणि चहा पिताना दातांत धरायची खडीसाखर त्यांच्या तोंडात स्वतःच्या हातानं ठेवली.

पुढचा प्रश्न गाढवाचा होता. ते शिकार वाहायला आणलं होतं. शेवटी शिकारी त्याच्यावर आला. मी जाऊन ते वर घेऊन आलो. सगळं मांस आम्ही तिघांनी पाठीवर नेलं आणि खान गाढवावर बसून आम्हाला कुठल्या दगडावर पाय ठेवायचा ते सांगत राहिले. शिंगं त्यांच्या मांडीवर होती. आबजी गाढवाच्या शेजारून चालत होती आणि तिचा एक हात सबंध वाट त्यांच्या चांगल्या गुडघ्यावर होता.

गावात मांस वाटलं. आबजीनं स्वतः भाग केले, प्रत्येक घराला, आधी म्हाताऱ्यांना, मग बाळंतिणींना. मला मानेचा भाग मिळाला, त्याचा आम्ही दोन दिवस आबगूश्त, म्हणजे चणे घातलेला रस्सा, केला. शिंगं तिनं बैठकीच्या खोलीत लावू दिली नाहीत, पोरं डोळे फोडून घेतील म्हणाली. ती आता माझ्या दुकानात आहेत आणि गिऱ्हाइकं त्यांच्यावर रबरी नळ्या टांगतात. नवरोजच्या आधी यझ्दच्या इस्पितळात खानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आबजीनं तिथल्या परिचारिकांना इतकं कामाला लावलं की सुट्टी मिळाली तेव्हा सगळा वॉर्ड दारापर्यंत सोडायला आला.

लोक अजून ती गोष्ट ऐकायला येतात. सांगतात ते फरामर्ज खान, आणि सगळं श्रेय देतात बायकोला. स्वतःच्या फडक्याचं नावसुद्धा घेत नाहीत. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बोकड शंभर-सव्वाशे मीटरवर होता. गेल्या शुक्रवारी पाव्हण्यांसमोर तो साडेतीनशेवर उभा होता, शिवाय वारा आडवा होता. आबजी आत चहा ओतत होती. तिनं ऐकलं, आणि पेले भरत राहिली.